१.४९ टक्के: एका आकड्याची उलटतपासणी

पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी एका पेपरच्या सारांशातला एक आकडा उचलला आणि ठोकून दिला: १.४९ टक्के. पूर्ण पेपर नंतर वाचला. तुम्ही असं करू नका, म्हणून हे लिहितोय.

पेपर २०१६ चा, आयर्लंडमधल्या कायमस्वरूपी कुरणांवरचा. तिथे पाऊस भरपूर, माती ओली. गवताला कॅल्शियम अमोनियम नायट्रेट घालायची रीत आहे. त्याऐवजी युरिया घातला तर नायट्रस ऑक्साइड कमी सुटेल का, हा प्रश्न. नायट्रेट खतातल्या नायट्रोजनपैकी सरासरी १.४९ टक्के या वायूच्या रूपात गेला, युरियातून फक्त ०.२५. हे पटण्यासारखं आहे. ओल्या मातीत ऑक्सिजन कमी पडला की जिवाणू नायट्रेटवर भागवतात, आणि इथे ते त्यांना आयतंच मिळतं.

पण सरासरीच्या शेजारची कक्षा बघा: ०.५८ ते ३.८१. खत एकच, बेट एकच, तरी सहापटींहून जास्त फरक! तो माती आणि पावसाचा. लेखकांनी एकापेक्षा जास्त ठिकाणी, एकापेक्षा जास्त वर्षं मोजलं म्हणूनच तो दिसला. माझ्या मते पेपरची खरी कमाई हीच, आणि मी नेमकी तीच गाळली होती.

आता दुसरी बाजू. युरियात एनबीपीटी मिसळल्यावर आकडा आला ०.४०. एवढाच रकाना पाहिला तर वाटेल, साधा युरियाच बरा, वर खर्च कशाला? पण साध्या युरियातला नायट्रोजन अमोनिया होऊनही उडतो. एनबीपीटी तेच रोखतं. उडालेला अमोनिया दुसरीकडे मातीवर उतरतो आणि त्यातला थोडा तिथे नायट्रस ऑक्साइड होतो. अमोनियाची काळजी लेखकांना आहे, सारांशातही ती आहे. घाईत सुटते ती आपल्याकडून.

आणि नायट्रोजन वायूचं काय? जिवाणूंच्या या प्रक्रियेचा शेवट तोच. पण हवेत तो मुळातच ७८ टक्के, त्यामुळे मातीवर ठेवलेल्या चेंबरमध्ये त्यात पडलेली किंचित भर कळत नाही. नायट्रोजन-१५ ची खूण लावलेलं खत वापरावं लागतं. या वाटेने हवामानाचं नुकसान होत नाही, पण शेतकऱ्याने विकत घेतलेलं खत जातंच.

खत बदला, हा निष्कर्ष मला मान्य आहे. मात्र साध्या युरियाची शिफारस या एका पेपरवरून मी करणार नाही.