तलाव खरे, पण कुणाचे?

अनुपम मिश्र यांचे 'आज भी खरे हैं तालाब' हे छोटेखानी हिंदी पुस्तक १९९३ साली दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने काढले. लेखकाने स्वामित्वहक्क ठेवला नाही. त्यामुळे ते अनेक भाषांत गेले, पुन्हा पुन्हा छापले गेले आणि जुने तलाव जिवंत करू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या झोळीत जाऊन बसले. अशा पुस्तकाला नुसता नमस्कार करून भागत नाही. त्याची चिकित्साही करावी लागते.

माझ्या मते या पुस्तकाचे खरे बळ त्याच्या शब्दांत आहे. पाणी जिथून वाहत येते तो आगौर, साठते तो आगर, अडवते ती पाल, जादा पाणी बाहेर काढतो तो नेष्टा. मिश्र हे शब्द शोभेसाठी वापरत नाहीत. प्रत्येक शब्दामागे एक काम आणि ते करणारा माणूस उभा असतो. आगौर विसरला की त्यावर घरे उठतात; मग तलाव कितीही खणला तरी भरत नाही. भाषेतून तंत्र वाचण्याची ही रीत मी त्यांच्याकडूनच उचलली.

तीच रीत पूर्व विदर्भाला लावून पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत भातशेतीसाठी बांधलेले हजारो तलाव आहेत. गोंड राजवटीपासून या कामात कोहळी समाजाचा हातखंडा. इथेही पाळ आहे, पाणी सोडायचे तुडूम आहे, लहान तळ्याला बोडी म्हणतात. सरकारी कागदावर यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव'. आद्याक्षरे जुळून झाले 'मामा तलाव'. ऐकायला घरगुती वाटते, पण त्यातला 'माजी' विसरू नये. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. मालक गेला, पण त्याच्या जागी गाव आले नाही, खाते आले.

इथे मला मिश्रांचा 'समाज' हा शब्द अपुरा वाटतो. त्यांच्या पुस्तकात समाज तलाव बांधतो, समाज राखतो. बांधणाऱ्यांना ते मोठ्या आदराने 'नायक' म्हणतात. पण मालगुजार, कोहळी, मासे धरणारा ढिवर आणि माती वाहणारा मजूर यांचा पाण्यावरचा हक्क कधीच सारखा नव्हता. बांधणारा कोण याबरोबरच पाण्याला हात लावायची मुभा कोणाला, हेही विचारले पाहिजे.

मराठी वाचकाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्याच्यापाशी महाडचे चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना त्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर विरोधक न्यायालयात गेले ते अनादी काळापासूनच्या वहिवाटीचा दाखला घेऊन. ही वहिवाट सिद्ध होत नाही, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली त्यांचे अपील फेटाळले. परंपरा हा शब्द तळे राखण्यासाठी वापरता येतो, तसाच तळे अडवण्यासाठीही वापरता येतो.

आजच्या पुनरुज्जीवनात हा मुद्दा जिवंत आहे. 'जलयुक्त शिवार', 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशा योजनांत गाळ घनमीटरमध्ये मोजला जातो. पण यंत्राने तलाव सरसकट खोल केला तर काठचा उथळ भाग जातो. पाणवनस्पती आणि माशांची वीण तिथेच होते. भात निसवताना शेतकऱ्याला तुडूम उघडे हवे असते, ढिवराला तळाशी पाणी शिल्लक हवे असते. तुडूम कधी उघडायचे हे ज्या बैठकीत ठरते, तिथे ढिवराला आणि भूमिहीनाला मत आहे का? नसेल तर आपण तलाव दुरुस्त केला, त्याची मालकी मात्र जुनीच ठेवली.

मिश्रांचे पुस्तक बाजूला ठेवावे, असे मी म्हणत नाही. तलाव कसा टिकतो हे त्यांच्याइतके सोपे करून सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. पण तलाव कोणासाठी टिकवायचा याचे उत्तर महाडच्या निकालात शोधावे लागते. गावात तलावाचे काम काढणाऱ्यांनी ही दोन्ही वाचने एकत्र करावीत, आणि कुदळ मारण्याआधी हक्कांची यादी करावी.