उताऱ्याची मुळी : 'द वुल्फ मॅन' आणि जबलपूरच्या वाटेवरील नरव्याघ्र

जॉर्ज वॅगनर दिग्दर्शित 'द वुल्फ मॅन' (१९४१) हा युनिव्हर्सल स्टुडिओचा कृष्णधवल भयपट एका पुस्तकाने सुरू होतो. कपाटातून ज्ञानकोशाचा खंड काढला जातो, माणूस स्वतःला लांडगा समजू लागतो अशा मनोविकाराची नोंद पडद्यावर दिसते आणि त्यानंतरच वेल्समधील टॅलबट घराण्याची कथा उलगडू लागते. दंतकथेला छापील पानाचा आधार देण्याची ही युक्ती साधी आहे, परंतु तिचा परिणाम फार दूरवर पोहोचला. या चित्रपटातील पात्रे वारंवार म्हणतात ते छोटे पद्य युरोपातील प्राचीन लोकपरंपरेतून आले असावे, असे असंख्य प्रेक्षक आजही मानतात. वस्तुतः ते पटकथाकार कर्ट सिओडमॅक याने रचले. हा ज्यू लेखक नाझी राजवट आल्यावर जर्मनी सोडून इंग्लंडमार्गे अमेरिकेत आला होता. पुढच्या बळीच्या तळहातावर उमटणाऱ्या पंचकोनी ताऱ्याचा संबंध समीक्षकांनी त्या काळच्या ज्यूंवरील सक्तीच्या खुणेशी जोडला आहे. हे वाचन आकर्षक असले तरी त्यामुळे चित्रपटाचे इतर दुवे झाकले जातात.

त्यांपैकी एक दुवा जबलपूरपाशी आहे. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने ओळखले जाणारे अधारताल हे तळे आज शहराच्या वस्तीत सामावले आहे. १९६४ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठही तेथेच आहे. या भागातून रस्ता उत्तरेस पनागर, सिहोरा, स्लीमनाबादकडे जातो. जबलपूर-मिर्झापूर या जुन्या हमरस्त्याची दिशाही हीच. त्या रस्त्यावरील कटरा घाटात प्रवाशांना मारणारे वाघ हे मुळात माणसेच आहेत, अशी समजूत विल्यम स्लीमनने नोंदवली आहे. १८३५ साली जबलपूरहून निघालेल्या त्याच्या प्रवासाचे हे वर्णन १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नरव्याघ्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातील मुख्य कथेचा निवेदक आहे पेशव्यांच्या वतीने देवरी सांभाळणारा रामचंद्रराव. स्लीमन त्याला 'सरीमंत' म्हणतो. हे 'श्रीमंत' या उपाधीचेच रूप, हे मराठी वाचकास सांगावयास नको. सागर-जबलपूरच्या मराठी अंमलाचा हा एक उशिराचा प्रतिध्वनी. मराठी साहित्येतिहासाने त्याची दखल घ्यायला हवी.

कथा थोडक्यात अशी. रामचंद्ररावाच्या वडिलांच्या पदरी रघू नावाचा परीट होता. वाघाच्या देहात माणसाला काय वाटत असेल, हे जाणण्याची त्याला अनावर इच्छा झाली. एका जोग्याकडून त्याने दोन मुळ्या आणल्या. एक खाल्ली की वाघ व्हायचे, दुसरी तोंडात पडली की पुन्हा माणूस. दुसरी मुळी त्याने बायकोच्या हाती दिली आणि आपण वाघ होताच ती तोंडात घालण्यास सांगितले. तो वाघ झाला. बायको भयाने उतारा हातात घेऊनच पळाली. रघू रानात शिरला, त्याने आसपासच्या गावांतील आपलेच स्नेही खाल्ले आणि अखेर तो गोळीने मेला. त्याची ओळख पटली ती शेपूट नसल्यावरून, कारण मुळीने झालेल्या वाघाला शेपूट नसते.

स्लीमनने ही कथा विनोदाच्या सुरात सांगितली आहे. परीट दारुडा, त्याची बायको भेदरलेली, सांगणारा भोळा. वसाहतकालीन प्रवासवर्णनांचा हा परिचित स्वर आहे. मात्र अधारतालमधल्या एखाद्या घरात 'द वुल्फ मॅन' डीव्हीडीवर पाहून झाल्यावर हेच प्रकरण वाचले, तर विनोद उरत नाही.

याचे कारण डीव्हीडीच्या मांडणीतही आहे. २००४ साली युनिव्हर्सलने काढलेल्या संचात १९४१ च्या चित्रपटासोबत 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' (१९३५) हाही दिला आहे. चित्रपटगृहात सहा वर्षांच्या अंतराने आलेल्या या कृती येथे एकाच संध्याकाळी शेजारी बसतात. १९३५ च्या चित्रपटात वनस्पतिशास्त्रज्ञ ग्लेंडनला तिबेटमध्ये नरवृक चावतो आणि उताराही तेथीलच एका चंद्रप्रकाशात फुलणाऱ्या वनस्पतीत असतो. ती फुले मिळतात, चोरली जातात. ग्लेंडन अखेर पत्नीवरच चालून जातो. म्हणजे देवरीची दुसरी मुळी येथे अजून आहे, फक्त ती पत्नीच्या हातून वैज्ञानिकाच्या प्रयोगशाळेत गेली आहे. १९४१ मध्ये उतारा पूर्णपणे नाहीसा होतो. वनस्पती उरते ती 'वुल्फ्सबेन'. हे बचनागाच्या कुळातील झाड. पण मराठीत 'बचनाग' म्हटले की नावातला लांडगा गळतो आणि वैद्याचे शोधन करून वापरायचे विष तेवढे उरते. चित्रपटात मात्र ही वनस्पती काहीच बरे करत नाही, ती केवळ अनिष्टाचा ऋतू सुचवते.

उताऱ्याची जागा चांदीच्या मुठीची काठी घेते. लॅरी टॅलबट (लॉन चेनी ज्युनियर) तिनेच पहिला लांडगा मारतो, नंतर तीच काठी वडिलांना सोबत बाळगायला सांगतो आणि सर जॉन (क्लॉड रेन्स) तिनेच अनोळखी श्वापदाला ठार करतात. मुलाला झालेला हा केवळ भ्रम आहे हे सिद्ध करण्यासाठी याच वडिलांनी त्याला खुर्चीला बांधलेले असते. भारतीय नरव्याघ्र आणि पाश्चात्त्य नरवृक असा प्राण्यांचा तक्ता मांडणाऱ्या तुलनेच्या हाती येथे फारसे लागत नाही. परतीचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न विचारला की तिन्ही संहिता एकमेकींशी बोलू लागतात. देवरीच्या कथेत रूपांतर कुतूहलातून येते आणि परतीचा मार्ग विश्वासावर सोपवलेला असतो. चित्रपटात रूपांतर चाव्यातून लादले जाते आणि आप्ताच्या हाती मारण्यापलीकडे काही ठेवलेले नसते.

हिंदी चित्रपटाने यातून काय उचलले, हेही पाहण्याजोगे आहे. महेश भट्ट यांच्या 'जुनून' (१९९२) मध्ये वाघाचा देह देशी आहे, परंतु पौर्णिमेचा नियम हॉलिवूडचा. १९४१ च्या चित्रपटात पौर्णिमेचा चंद्र एकदाही दिसत नाही. पूर्ण चंद्राची अट त्या पद्यात शिरली ती १९४३ च्या उत्तरकथेत. चित्र थांबवून, मागे नेऊन पाहण्याची सोय असलेल्या प्रेक्षकाला हे सहज पडताळता येते.

असे थांबवून पाहताना शेवटचे दृश्य सर्वाधिक बोलके ठरते. पहिल्या रूपांतरात कॅमेरा केवळ पायांवर असतो. चेहरा बदलताना दिसतो तो मृत्यूनंतरच, आणि तोही उलट दिशेने. केस विरत जातात आणि मुलगा प्रकट होतो. रघूच्या वाट्याला हेही आलेले नाही. तो मेल्यावरही वाघच राहतो आणि त्याच्या माणूसपणाचा पुरावा म्हणजे एक नसलेले शेपूट. चित्रपटात सभोवतीची माणसे लगेच सोयीस्कर हकीगत रचतात, की लांडग्याने तरुणीवर झडप घातली आणि लॅरी तिला वाचवायला धावला. सर जॉन काही बोलत नाहीत, पण त्यांना कळलेले आहे, हे रेन्सच्या चेहऱ्यावर वाचता येते. रघूच्या बायकोचा चेहरा मात्र कोणीच दाखवलेला नाही. नवऱ्याने खाल्लेल्या गावकऱ्यांच्या बातम्या तिच्यापर्यंत येत असतील, तेव्हा ती मुळी तिच्यापाशीच होती की वाटेत कुठे पडली होती, याविषयी स्लीमनच्या पुस्तकात अक्षरही नाही.