साक्ष कोणाची, जामीन कोणाचा?

फ्रेडरिक डग्लस हा अमेरिकेतील गुलामगिरीतून पळून सुटलेला माणूस. त्याचे आत्मकथन 1845 साली प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मुद्दाम छापले होते की, हे लेखकाने स्वतः लिहिले आहे. आत विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र होते. दोघेही गोरे होते आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही प्रश्न उरतोच. चाबूक ज्याच्या पाठीवर बसला, त्याच्या साक्षीला दुसऱ्याचा जामीन का लागावा? वाचणारा समाज गोरा होता आणि काळा माणूस असे लिहू शकतो यावर त्याचा विश्वास नव्हता, हे त्याचे उत्तर.

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी मराठी मनाचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. 1972 साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने मराठी वाचकाला त्या साहित्याची रीतसर ओळख करून दिली. डग्लस, राइट, बाल्डविन ही नावे आपल्या चर्चासत्रांत आता परकी वाटत नाहीत.

मात्र याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात, गोंड आणि माडिया माणूस राहतो. त्याच्याबद्दल आपण काय वाचतो आणि कोणाच्या लेखणीतून वाचतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आधी इतिहास पाहू. 1857 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला की, काळा माणूस त्या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी, 21 ऑक्टोबर 1858 रोजी, इंग्रजांनी बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. ज्या चांद्यात गोंड राजांनी किल्ला बांधला, तिथेच गोंड तरुण बंडखोर ठरला. 1865 साली अमेरिकेच्या संविधानातील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. त्याच वर्षी हिंदुस्थानात पहिला वन कायदा आला आणि रानावर सरकारी मालकीचा शिक्का उमटू लागला. 1878 आणि 1927 च्या कायद्यांनी तो पक्का केला. तिकडे कायद्याने माणूस कोणाची मालमत्ता राहिला नाही. इकडे कायद्याने रान सरकारची मालमत्ता झाले आणि त्यात राहणारा माणूस आपल्याच रानात चोर ठरला. सरपणासाठी, बांबूसाठी, मोहफुलासाठी त्याला वनरक्षकाच्या मर्जीवर जगावे लागले.

ही तुलना फार ताणू नये. कृष्णवर्णीयाला दुसऱ्या खंडातून साखळदंडात आणले गेले, तर गोंड आपल्या जागीच होता आणि जागाच त्याच्या पायाखालून काढली गेली. या अर्थाने तो अमेरिकेतील मूलनिवासींना अधिक जवळचा आहे. तिथे 1830 च्या कायद्याने मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. वर्णभेदाविरुद्धचा लढा मराठीने मनापासून वाचला, पण जमीन गमावलेल्या या दुसऱ्या अमेरिकेकडे मात्र आपले लक्ष कमीच गेले. गडचिरोली समजून घ्यायची तर दोन्ही अमेरिका वाचाव्या लागतील.

आता साहित्याकडे येऊ. विलास मनोहर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वर्षानुवर्षे राहिले. ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही त्यांची कादंबरी मराठी वाचकाला प्रथमच त्या रानात घेऊन गेली. माडिया तरुण कोणकोणत्या जाचातून बंदुकीपर्यंत पोचतो, हे त्यांनी जवळून पाहून लिहिले. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ घरोघरी वाचले गेले. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ सांगितली. ही पुस्तके नसती तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला भामरागड कुठे आहे हेही कळले नसते. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा ठरेल.

तरीही समीक्षेला ऋण मान्य करून पुढे जावे लागते. हॅरिएट बीचर स्टो या गोऱ्या लेखिकेच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ने 1852 साली लाखो वाचकांना हेलावून सोडले. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1949 साली, जेम्स बाल्डविनने त्या कादंबरीवर कठोर टीका केली. तिच्यातील भावविवशता त्याला खटकली. अशा करुणेत माणूस हरवतो आणि केवळ एक बळी उरतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. आपल्याकडची उपरोक्त पुस्तके स्टोच्या पंक्तीला बसवावीत असे मी म्हणत नाही, कारण ती अनुभवाच्या मातीतून आली आहेत. दोष असलाच तर तो वाचकाकडे जातो. ही पुस्तके वाचून माडिया माणूस आपल्याला कळला, असे समजून आपण कपाट बंद करतो.

त्या कपाटाबाहेर बरेच काही आहे. पहिले आदिवासी साहित्य संमेलन 1979 साली चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला भरले. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’, उषाकिरण आत्राम यांचा ‘म्होरकी’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ हे कवितासंग्रह आले. ‘उलगुलान’ हा शब्द बिरसा मुंडांच्या उठावाचा. एका गोंड कवीने तो मराठी संग्रहाच्या माथ्यावर ठेवला, यातच एक भूमिका आहे. या लेखनात रान हे देखावा म्हणून येत नाही. ते घर आहे, देव आहे आणि वादाचा मुद्दाही आहे. इथे कोणी दया मागत नाही. दलित साहित्याशी नाते सांगूनही आपली वाट वेगळी आहे, असे या लेखकांनी आग्रहाने मांडले. पण आपली समीक्षा त्यांना ‘प्रवाह’ नावाच्या एका परिच्छेदात उरकते. मेश्राम 2007 साली गेले. त्यांच्या कवितेत बोलींचे शब्द मराठीला कसे वाकवतात, याचा सविस्तर अभ्यास किती जणांनी केला?

समता म्हणजे काय, हा प्रश्नही या साहित्यातून नव्याने उभा राहतो. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी 1955-56 मध्ये 381 दिवस शहरातील बसवर बहिष्कार टाकला. 1954 साली ब्राउन खटल्याने काळ्या मुलांसाठी गोऱ्यांच्या शाळेचे दार कायद्याने उघडले. तिथे मागणी होती आत येऊ देण्याची. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाची मागणी वेगळी होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानातल्या माणसावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे कबूल केले. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडले. त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. एकाला बंद दार उघडून हवे होते, दुसऱ्याला आपले घर आपल्या भाषेसह शाबूत हवे आहे. दोन्ही मागण्या समतेच्याच आहेत. सगळ्यांना एका साच्यात घालणे म्हणजे समता, हा समज मात्र दोन्हीकडे घातक ठरला.

आपल्यासारख्या लेखकांना हे कळायला जड जाऊ नये. घरात एक बोली आणि कागदावर दुसरी, ही कसरत आपण जाणतो. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले वाचून ‘हे आम्ही नव्हे’ असे पुटपुटणेही आपल्या ओळखीचे आहे. तेव्हा एटापल्ली-भामरागडकडच्या एखाद्या मुलीचे हस्तलिखित आपल्या हाती आले तर आपण काय करू, हे स्वतःला विचारावे. तिची भाषा ‘शुद्ध’ करू? एखाद्या नामवंताची प्रस्तावना मागवू? डग्लसच्या पुस्तकाला ते करावे लागले त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. तिचे पान तिच्याच शब्दांत छापावे आणि जामीन मागू नये, एवढे तरी आपल्याला आज करता येईल.