पुरावे पुसणारा बाप

'अंडरवर्ल्ड: इव्होल्यूशन' हा २००६ सालचा चित्रपट, २००३च्या 'अंडरवर्ल्ड'चा पुढचा भाग. सेलीन आणि मायकेल फरार आहेत. मागावर आहे मार्कस, पहिला व्हॅम्पायर. पण आम्हाला जास्त भयंकर वाटतो तो त्याचा बाप, अलेक्झांडर कॉर्विनस. पोरांनी सुरू केलेल्या वंशाच्या युद्धाचे पुरावे हा शतकानुशतकं पुसत राहतो. पोरांना मात्र आवरत नाही. धृतराष्ट्रच म्हणा ना! फक्त याला डोळे आहेत. सेलीन त्याला जाब विचारते, तेव्हा तो पुत्रप्रेम पुढे करतो. खरी गाठ इथे आहे. पण मरता मरता तो तिला आपलं रक्त देतो, तिला बळ येतं, आणि प्रश्न हाणामारीत विरून जातो. मार्कस संपतो, झाकणाऱ्याचा दोष किती, हे चित्रपट आपल्यावरच सोडतो.