केडगांवचें घर आणि रमाबाईंची मराठी

शनिवारचा मुक्काम शिरुरास आप्तांकडे करून रविवारीं सकाळीं आम्ही केडगांवास निघालों. न्हावरें मागें टाकून पारगांवापाशीं भीमा ओलांडली, कीं चौफुल्यावरून केडगांव जवळच आहे. दौंड तालुक्यांतील हें गांव पुष्कळांना नारायणमहाराजांच्या बेटामुळें ठाऊक असतें. दत्तदर्शनास येणाऱ्या मंडळींपैकीं थोड्यांचींच पावलें पंडिता रमाबाईंच्या 'मुक्तिसदना'कडे वळत असावींत. आम्ही मुद्दाम तेवढ्याचसाठीं गेलों होतों.

ग्रंथकारांचीं घरें पाहण्याची हौस आपल्याकडे अलीकडची. मालगुंडास केशवसुतांचें घर जपलें आहे, व तें पाहून आलेला मनुष्य त्यांची कविता पुन्हां उघडतो, असा आमचा अनुभव आहे. परंतु रमाबाईंचें घर म्हणावें तरी कोणतें? जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत. बाळपण आईबापांसह तीर्थें हिंडण्यांत व पुराणें सांगण्यांत गेलें. पुढें कलकत्ता, इंग्लंड, अमेरिका. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें, तें पुढल्याच वर्षीं पुण्यास आलें. केडगांवीं मात्र त्यांनीं जमीन घेतली, विहिरी खणविल्या, आणि १९२२ च्या एप्रिलांत देहहि तेथेंच ठेवला.

हें घर पदार्थसंग्रहालय नव्हे. संस्था आजहि चालू आहे, तेथें बायामुलें राहतात, आणि पाहुण्यानें परवानगी घेऊन हलक्या पावलांनीं फिरावें हें बरें. आम्हांला तरी तेथल्या इमारतींपेक्षां अंगणांतल्या मुलींच्या बोलण्यानें अधिक वेळ थांबवून धरलें. रमाबाईंच्या शेवटच्या ग्रंथाची किल्ली त्या बोलण्यांत आहे, असें तेव्हां वाटलें.

१८८९ मध्यें प्रसिद्ध झालेलें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना तिचें गद्य निराळें सांगावयास नको. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभास म्हणून १८८६ सालीं ही बाई अमेरिकेस गेली, आणि तेथील राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या सभा, इतकेंच काय पण थंडी आणि बर्फहि, आपल्या देशबांधवांपुढें मांडून बसली. वाक्य लांब, पण गोंधळलेलें नाहीं. उपरोध आहे, पण तो विषयाच्या पोटांतून येतो. त्या पुस्तकाचा वाचक पुण्यामुंबईचा सुशिक्षित गृहस्थ होता. त्याला चिमटे घेतां घेतां शहाणें करावें, ही लेखिकेची उमेद पानोपानीं दिसते.

तो वाचक पुढें दुरावला. १८९३ सालीं धर्मांतराच्या वादांत रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार शारदासदनापासून दूर झाले. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य हिंदुस्थानांतून शेंकडों अनाथ मुली व विधवा रमाबाईंनीं आणल्या, आणि केडगांवचा व्याप वाढला. लेखिकेस नवा वाचक मिळाला तो हा: जेमतेम अक्षरओळख झालेली, उपासमारींतून वांचलेली मुलगी. तिच्यासाठीं रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. तें संस्थेच्याच छापखान्यांत मुलींच्या हातून छापलें जाऊन त्यांच्या पश्चात् १९२४ मध्यें पुरें बाहेर पडलें. कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला 'सरस्वती' म्हटलें, तिनेंच येथें संस्कृत शब्द निग्रहानें बाजूस सारले. एक तर ते मुलींस कळत नसत. शिवाय जुन्या धर्मकल्पना त्यांना चिकटलेल्या, आणि त्या तिला नको होत्या.

हेतु मोठा खरा, पण तो सर्वत्र साधला आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. शनिवारीं रात्रीं शिरुरास त्यांतलीं दोन पानें आम्हीं मोठ्यानें वाचलीं. घरांतली दहा वर्षांची मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. "काका, शब्द सगळे कळले, पण हें असें उलटें कां लिहिलं आहे?" असें तिनें विचारलें. टीकाकारास याहून अधिक कांहीं सांगतां येईलसें वाटत नाहीं. मुळाशीं अक्षरशः इमान राखण्याच्या नादांत मराठी वाक्याची ठेवण मोडली, आणि सोपा शब्द अनोळखी जागीं बसून अवघड झाला. प्रवासवृत्तांत जी लेखणी मोकळी धांवत होती, ती येथें पदोपदीं मुळाकडे वळून पाहते.

तरीपण हें भाषांतर एका पंथाचें पुस्तक म्हणून कपाटाबाहेर ठेवावें, हें आम्हांस मान्य नाहीं. बोलीच्या जवळचें, संस्कृताचा आधार न घेणारें गद्य मराठींत किती भार पेलूं शकतें, याची इतकी मोठी परीक्षा दुसऱ्या कोणत्या पंडितानें घेतली? आणि धर्मांतराचा राग ग्रंथावर काढतांना आपण प्रवासवृत्तहि विसरलों, तें कोणाचें नुकसान? रमाबाई पुण्यांतच राहत्या तर तसें दुसरें पुस्तक झालें असतें, असें आमचे एक स्नेही हळहळून म्हणतात. झालेंहि असतें. पण त्या अंगणांत उभें राहून ही हळहळ बोलून दाखविण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं.

प्रवासवृत्ताची प्रत घरीं आहे. भाषांतराची उसनी आणलेली प्रत या आठवड्यांत परत करावयाची होती; आम्हीं आणखी महिन्याची मुदत मागून घेतली आहे.