पांडुरंग सांगवीकरचं ‘वगैरे’ : निवेदकाचा विनोद वाचायचा कसा?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातले पीएच.डी.च्या तयारीतले विद्यार्थी हमखास विचारतात, ‘कोसला’वर आता नवीन काय करणार? भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ची. ‘अस्तित्ववादी नायक’ हा शिक्का तिच्यावर केव्हाच बसलाय. माझं म्हणणं इतकंच की शिक्का जरा बाजूला ठेवा आणि निवेदक हसवतो कुठे, ते आधी बघा.

पंचवीस वर्षांचा पांडुरंग आपली हकिगत सांगतो : खानदेशातलं सांगवी, पुण्यातलं कॉलेज, होस्टेल, अपयश, परत गाव. म्हणजे पांडुरंग दोन आहेत, एक भोगणारा आणि एक सांगणारा. विनोद बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. टिपणं काढताना हे दोघे वेगळे ठेवा.

आता त्याचे दोन लाडके शब्द घ्या. ‘उदाहरणार्थ’ हा शब्द आपण प्रबंधात नियम सांगून झाल्यावर वापरतो. हा गडी सुरुवातीलाच स्वतःच्या वयाला तो शब्द लावतो. कशाचं उदाहरण? नियम तर सांगितलेलाच नाही! हसू येतं, पण तत्त्वचिंतनही तिथेच आहे : आयुष्य आहे, ते कशाचा दाखला आहे ते ठाऊक नाही. ‘वगैरे’चंही तसंच. बदलापूरच्या फलाटावर आपण ‘गाडी वगैरे रद्द असेल’ म्हणतो, तेव्हा पुढची यादी सांगण्यात अर्थ नाही असंच सुचवतो. पांडुरंग हेच मोठमोठ्या गोष्टींना लावतो.

मग हा नुसता तुच्छतावाद आहे का? धाकटी बहीण मनी जाते तो भाग वाचा. तिथे खांदे उडवणं जमत नाही, राग आणि दुःख उघडं पडतं. त्याच्या विनोदाला हद्द आहे, आणि त्याला मोलाचं काय वाटतं ते या हद्दीवर कळतं. चिं. वि. जोशींचा चिमणरावही स्वतःवर हसवतो, पण त्याचं जग शाबूत राहतं. पांडुरंगचं राहत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आपण त्याच्यासोबत हसतो, म्हणून त्याचं सगळं खरं मानू लागतो. वडील आपल्याला भेटतात तेही त्याच्याच तोंडून. त्यांची बाजू कोण सांगणार?

करून बघा : कुठलीही दहा पानं घ्या आणि तीन रकाने पाडा. हसतं कोण, कशावर, आणि हसू थांबतं कुठे? तिसरा रकाना भरला की संशोधनाचा प्रश्न हाताशी येईल.