आंबट की समतोल?

परवा शब्बाथच्या मेजावर, किद्दुश आटोपल्यावर, आम्ही त्सोरा वाइनरीची ‘शोरेश’ ही पांढरी वाइन उघडली. पहिल्याच घोटाला आमच्या मावशींनी तोंड वाकडे केले. “अगोबाई, ही तर आंबट!”

मावशींना दोष कसा द्यावा? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या शरबतावर किद्दुश ऐकत त्यांची पिढी वाढली. वाइन म्हणजे गोड, हे माप आपण कोकणातून आणि मुंबईहून बरोबर आणले. या वाइनला ते लावले, तर तिच्यावर अन्याय होतो.

शोरेश ही जेरुसलेमच्या डोंगरांतील, सुमारे ७०० मीटर उंचीवरची द्राक्षबाग. खाली चुनखडी, वर तांबडी माती. दिवसाच्या उन्हाने द्राक्ष पिकते, पण रात्रीच्या गारव्याने त्यातला आंबटपणा टिकतो. द्राक्षाची जात सोव्हिन्यों ब्लां, मूळची फ्रान्सची. रॉनी जेम्स यांनी १९९३ साली किबुत्झ त्सोरा येथे ही वाइनरी सुरू केली; २००६ नंतर एरान पिक यांनी तिला आजचे वळण दिले.

फ्रिजमधून काढून लगेच ओतली तेव्हा वाइन मुकीच होती. पंधरा मिनिटांनी मात्र लिंबाच्या सालीचा वास आला, मागून पांढऱ्या पेरूचा. गोडी नाहीच म्हणा. घोटाबरोबर तोंडाला पाणी सुटते, परंतु काही टोचत नाही. लाकडी पिंपात राहिल्याने तिला थोडी स्निग्धता आली आहे, ती आंबटपणाला सांभाळून घेते. लाकूड मात्र पुढे पुढे करीत नाही. समतोल म्हणतात तो हाच. तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतो, तेव्हा मासळी आंबट झाली असे कोणी म्हणते काय?

नारळाच्या तिखट कालवणाबरोबर तिचे जमले नाही, हेही सांगितले पाहिजे. तिखटापुढे तिचा सुगंध पार हरवला आणि घशाशी नुसती जळजळ उरली. हिरव्या वाटणाच्या, बेताच्या तिखट मासळीबरोबर ती खुलली. किंमत म्हणाल, तर ती रोजच्या मेजाची नव्हे.

तळलेल्या तुकडीबरोबर मावशींनी पेला संपवला. मत बदलल्याचे काही बोलल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारच्या शरबतासाठी मनुका आणायला तेवढे बजावून गेल्या.